बोअरचे जड पाणी तापवताना



पूर्वी आपल्याकडे परसात एक तांब्याचा बंब आणि चुलीवर एक हंडा, एवढ्यावर घरचे गरम पाणी भागत असे. आता न्हाणीघरात विजेचा गीझर आला, स्लॅबवर सौर बंब आला, स्वयंपाकघरात ओट्याखाली तीन लिटरचा छोटा गीझर आला, चहाला विजेची किटली आली. काही घरांत तर कळ दाबली की उकळत्या पाण्याची धार देणारा डिस्पेन्सरही दिसू लागला आहे. साधने नवी आली, पण त्यांत जाणारे पाणी काही सुधारले नाही. उलट विहिरीच्या जागी खोल बोअर आली आणि पुष्कळ ठिकाणी पाणी पहिल्यापेक्षा जड झाले.

मग तक्रारी सुरू होतात. गीझरची कॉईल वर्षभरातच जळाली. सौर बंबाचे पाणी पहिल्यासारखे कढत येत नाही. किटलीच्या तळाला पांढरा खार धरला, खरवडून निघत नाही. अशा वेळी दारावर यंत्र विकणारा माणूस येतो, एक छोटे मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतो आणि अख्ख्या घराला सॉफ्टनर बसवायला सांगतो. घरधनी बुचकळ्यात पडतो. सॉफ्टनर घ्यावा का? त्याचे पाणी प्यायला चालते का? चहाच्या किटलीत कोणते पाणी घालावे? त्या यंत्राचे सांडपाणी उसाला सोडले तर काय बिघडले?

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना बॉयलरचे पाणी रोज तपासावे लागते. जे कारखान्याच्या बॉयलरला लागू तेच लहान प्रमाणात घरच्या बंबाला लागू. म्हणून या प्रश्नांची उत्तरे एकदा सविस्तर द्यावीत असे आम्हांस वाटले. सांगायचे ते थोडक्यात असे : जड पाणी पिण्याला आणि पिकाला सहसा वाईट नसते, त्रास होतो तो ते तापवताना. तेव्हा जेवढे पाणी तापवायचे तेवढ्याचाच बंदोबस्त करावा. सगळ्या घराचे पाणी बदलण्याच्या खर्चात पडू नये, आणि बदललेले पाणी पोटात किंवा शेतात जाऊ देऊ नये.

पाणी जड कशाने होते?

पावसाचे पाणी मुळात हलके असते. ते जमिनीत मुरताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून निघालेला कर्बवायू त्यात विरघळतो आणि पाणी किंचित आंबट होते. असे पाणी दख्खनच्या काळ्या पाषाणातून आणि काळ्या रानातल्या चुनखडीतून झिरपत जाते तेव्हा त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवून आपल्याबरोबर घेते. जितका काळ पाणी खडकात राहील तितके हे क्षार जास्त. म्हणून नदीचे व कॅनॉलचे पाणी बहुधा कमी जड, विहिरीचे त्याहून जड, आणि खोल बोअरचे पुष्कळदा सर्वांत जड असते.

शाळेच्या पुस्तकात या पाण्याला दुष्फेन पाणी म्हणत, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. साबण कॅल्शियमला धरून चिकट साका बनतो आणि तोच बादलीच्या कडेला व कपड्यांवर बसतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जड पाणी आणि खारे पाणी एकच नव्हे. चवीला खारट लागते ते मुख्यतः मिठामुळे, म्हणजे सोडियम क्लोराइडमुळे. जडपणा असतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. पाणी चवीला गोड आणि दिसायला काचेसारखे स्वच्छ असूनही भलते जड असू शकते.

जडपणा मोजतात तो एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम, असा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. साधारणतः ६० पर्यंतचे पाणी हलके, १२० पर्यंतचे मध्यम, १८० पर्यंतचे जड आणि त्यापुढचे फार जड समजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आय. एस. १०५०० : २०१२ मध्ये, २०० पर्यंतचा जडपणा योग्य मानला आहे आणि दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे.

विक्रेता जे मीटर दाखवतो ते मोजते पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार. त्यात मीठही आले आणि चुनाही आला. त्या आकड्यावरून पाणी किती जड हे कळत नाही. एवढेच नव्हे, तर सॉफ्टनरमधून काढलेल्या पाण्यात तेच मीटर पुन्हा बुडवा, आकडा जवळजवळ तेवढाच येईल. याचे कारण पुढे येईलच.

तापवल्यावर काय घडते?

जडपणा दोन तऱ्हेचा. एक तात्पुरता, म्हणजे बायकार्बोनेटच्या रूपातला. दुसरा कायमचा, म्हणजे सल्फेट व क्लोराइडच्या रूपातला. आपल्या काळ्या पाषाणातल्या पाण्यात सहसा पहिल्याचे प्रमाण मोठे असते.

तात्पुरता जडपणा उष्णतेने मोडतो. पाणी तापले की विरघळलेला कर्बवायू निघून जातो आणि त्याच्या आधाराने पाण्यात राहिलेले कॅल्शियम न विरघळणाऱ्या चुनखडीच्या रूपात बाहेर पडते. बसते कोठे, तर जेथे पाणी सर्वांत जास्त तापते तेथेच, म्हणजे कॉईलवर, बंबाच्या नळीला, किटलीच्या तळाला. साठ अंशांच्या पुढे हा वेग झपाट्याने वाढतो. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. ज्या खाराने ड्रिपरची तोंडे बुजतात आणि ज्यासाठी आपण ॲसिडची प्रक्रिया करतो तोच हा खार.

थोडा हिशेब करू. समजा बोअरच्या पाण्याचा जडपणा ४०० आहे आणि तो बहुतेक तात्पुरता आहे. म्हणजे १०० लिटर पाण्यात ४० ग्रॅम चुनखडी लपलेली आहे. घरात रोज १०० लिटर पाणी तापते आणि त्यातली फक्त दहावा हिस्सा चुनखडी आत बसते, असे धरले तरी रोजची ४ ग्रॅम होते. वर्षाकाठी ती दीड किलोच्या घरात जाते. टाकी उघडल्यावर खालून पांढऱ्या खपल्यांचे घमेले निघते ते उगीच नव्हे.

या थराची खोड अशी की तो उष्णता सहज जाऊ देत नाही. लोखंडाच्या मानाने खाराचा थर कितीतरी पटींनी मंद, आणि तांब्याच्या मानाने तर विचारूच नका. आता प्रत्येक साधनात याचा परिणाम निराळा होतो, तो नीट समजून घ्यावा.

जळणाच्या बंबात आग एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये नळी. नळीवर थर बसला की उष्णता पाण्यात न शिरता धुराबरोबर वर निघून जाते. येथे नुकसान जळणाचे.

विजेच्या गीझरमध्ये कॉईल पाण्यातच बुडालेली असते. तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते, म्हणून खारामुळे विजेचे बिल दुप्पट होते असे जे सांगतात त्यात तथ्य नाही. येथे नुकसान होते ते कॉईलचे. तिची उष्णता बाहेर पडू शकत नाही, ती आतल्या आत भाजत राहते, तिचे कवच तडकते आणि ती जळते. कवच तडकल्यावर वीज पाण्यात उतरण्याचाही धोका असतो.

सौर बंबात, विशेषतः सपाट काचेच्या पेटीच्या प्रकारात, तांब्याच्या बारीक नळ्या असतात. त्या आतून चोंदतात, पाणी फिरेनासे होते आणि ऊन कडक असूनही टाकी कोमटच राहते.

स्वयंपाकघरातले पाणी

मायभगिनींना जड पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीची डाळ दोन शिट्ट्या जास्त घेते आणि तरी बोटचेपीच राहते. याचे कारण असे की डाळीच्या पेशी जोडून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य कॅल्शियमने आणखी घट्ट होते. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की डाळ लवकर मऊ होते हे खरे, परंतु त्याने डाळीतले बी-१ जीवनसत्त्व नष्ट होते. रोज सोडा टाकण्यापेक्षा डाळ आधी भिजवावी आणि शिजवायला नळाचे हलके पाणी घ्यावे हे बरे.

चहाचेही तसेच. जड पाण्याच्या चहावर तेलकट दिसणारी तपकिरी साय येते. ती तेलाची नसते. चहातली द्रव्ये, पाण्यातले कॅल्शियम व बायकार्बोनेट आणि हवा यांच्या संयोगाने ती बनते. कोऱ्या चहात लिंबू पिळले की ती जाते, कारण आंबटपणाने बायकार्बोनेट मोडते.

आता किटली, छोटा गीझर आणि गरम पाण्याचा डिस्पेन्सर यांविषयी. डिस्पेन्सरची टाकी अगदी लहान, दोन-तीन लिटरची असते, पण तिच्यातले पाणी उकळीच्या जवळ ठेवलेले असते, आणि तेही दिवसभर. म्हणजे खार धरायला याहून सोयीची जागा नाही. जड बोअरचे पाणी त्यात सरळ जोडले तर थोड्याच महिन्यांत धार बारीक होते, पाण्यात पांढरे कण येतात आणि कॉईल जाते.

मग त्यात सॉफ्टनरचे पाणी जोडावे काय? खार धरणार नाही हे खरे, पण हे पाणी चहा, औषध, बाळाचे दूध अशा रूपाने थेट पोटात जाते. त्यासाठी सॉफ्टनर काय करतो ते आधी पाहिले पाहिजे.

सॉफ्टनर : नाव मऊ, काम अदलाबदलीचे

सॉफ्टनरच्या भांड्यात रेझिनचे बारीक पिवळसर दाणे असतात. या दाण्यांना सोडियम चिकटलेले असते. जड पाणी त्यांतून गेले की दाणे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदली सोडियम पाण्यात सोडतात. काही काळाने दाण्यांवरचे सोडियम संपते. मग मिठाचे कडक पाणी सोडून दाणे धुतात. धरलेला चुना मिठाबरोबर गटारात जातो आणि दाणे पुन्हा कामाला तयार होतात.

म्हणजे येथे क्षार कमी होत नाहीत, बदलतात. एका लिटरमधून १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की त्या पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम येते. मीटरचा आकडा का हलत नाही ते आता ध्यानात आले असेल.

ही अदलाबदल माणसाला प्रथम सापडली ती शेतातल्या मातीत. इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये हॅरी स्टीफन थॉम्प्सन नावाचे शेतीचे जाणकार होते. मातीत अमोनियाचे खत घालून त्यातून पाणी सोडले असता अमोनिया मातीने धरून ठेवला आणि खाली निथळलेल्या पाण्यात जिप्सम आले, असे त्यांना आढळले. तेथील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जॉन थॉमस वे यांनी त्याचा नेटाने अभ्यास करून १८५० आणि १८५२ साली निष्कर्ष छापले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी याच तत्त्वावर पाणी मऊ करण्याची रीत काढली. १९३५ साली ॲडम्स व होम्स या ब्रिटिश रसायनज्ञांनी कृत्रिम रेझिन तयार केल्याचे प्रसिद्ध केले. आजचे दाणे त्याच वंशातले.

कारखान्याचा धडा

कारखान्याच्या बॉयलरच्या नळीला आतून पातळ थर जरी बसला तरी नळी जास्त तापते, फुगते आणि शेवटी फुटते. ऐन हंगामात बॉयलर बंद पडणे म्हणजे गव्हाणीपासून गोदामापर्यंत सगळेच ठप्प. म्हणून साखर कारखान्यात होता होईल तो वाफेचेच थंड झालेले पाणी परत बॉयलरला देतात आणि जी तूट पडेल तेवढेच बाहेरचे पाणी शुद्ध करून घालतात. यातून घरासाठी पहिला धडा असा की जेवढे लागते तेवढ्यावरच प्रक्रिया करावी.

कमी दाबाच्या जुन्या बॉयलरना सॉफ्टनरचे पाणी चालत असे. सहवीजनिर्मितीसाठी जास्त दाबाचे बॉयलर आले तेव्हा ते पुरेना. चुना गेला तरी सोडियम आणि सिलिका पाण्यात राहतातच. म्हणून तेथे सर्व क्षार काढून टाकणारा निराळा प्लँट लागतो. दुसरा धडा हा की मऊ केलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे.

आणि तिसरा. रस आटवणाऱ्या बॉडींच्या नळ्यांतही खार धरतो आणि म्हणून हंगामात मधूनमधून साफसफाईसाठी थांबावे लागते. उपाय कितीही केले तरी साफसफाई चुकत नाही. कारखान्याला चुकत नाही तर घरच्या गीझरला कशी चुकेल?

प्यावे कोणते?

जड पाण्याने मुतखडा होतो असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तसा ठोस संबंध अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. मुतखडा होऊ नये म्हणून पाणी भरपूर प्यावे हेच डॉक्टर सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या कारणावरून जडपणाला मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच.

आता सॉफ्टनरच्या पाण्याचा हिशेब पाहा. ४०० जडपणाचे पाणी पूर्ण मऊ केले तर लिटरला १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढते. उसाच्या फडात राबणारा माणूस दिवसाला तीन लिटर पाणी प्याला तर ५५० मिलिग्रॅम सोडियम नुसत्या पाण्यातून गेले. मोठ्या माणसाने दिवसभरात २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पावभरापेक्षा जास्त वाटा पाण्यानेच घेतला, आणि जेवणातले मीठ, लोणचे, पापड अजून बाकीच आहेत. धडधाकट माणसाने घोटभर प्याले तर काही होत नाही. पण ज्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांना आणि वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना हे पाणी देऊ नये.

तेव्हा स्वयंपाकघराचा नियम साधा आहे. प्यायला, स्वयंपाकाला आणि डिस्पेन्सरला सॉफ्टनरची लाईन जोडू नये. गावच्या नळाचे, नदीवरून आलेले, निर्जंतुक केलेले हलके पाणी मिळत असेल तर ते सर्वांत उत्तम. घरात आर. ओ. यंत्र असेलच तर किटली व डिस्पेन्सरमध्ये त्याचे पाणी घालावे. त्यात खार जवळजवळ धरत नाही. दोन्ही नसेल तर बोअरचे पाणी तपासून, पिण्यास योग्य असल्याची खात्री करून घालावे आणि किटली वेळच्या वेळी साफ करावी. न्हाणीच्या गीझरचे गरम पाणी मात्र चहाला किंवा भाताला घेऊ नये. ते टाकीत साचलेले असते आणि धातूचा अंश त्यात उतरतो.

शेतात काय जाईल?

ही बाब आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपली काळी जमीन म्हणजे रेझिनचे एक प्रचंड भांडेच आहे. तिच्या चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियम बसलेले असते तोवर माती रवाळ राहते, पाणी मुरते, मुळे पसरतात. सोडियमयुक्त पाणी वर्षानुवर्षे देत गेलो की कॅल्शियम सुटते आणि सोडियम त्याची जागा घेते. मग कण विस्कटतात, पाणी वरच साचते, सुकल्यावर जमीन दगडासारखी होते. यालाच आपण चोपण जमीन म्हणतो. मातीचा सामू ८.५ च्या वर आणि अदलाबदल होणाऱ्या क्षारांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण झाली असे समजतात. अशी जमीन सुधारायला आपण काय घालतो? जिप्सम, म्हणजेच कॅल्शियम. जो सोडियम जिप्समचे पैसे मोजून हुसकून लावायचा तोच सॉफ्टनरच्या सांडपाण्यातून आपल्या हाताने घालायचा, हा कोठला शहाणपणा?

हिशेबच मांडू. ४०० जडपणाचे रोज १,००० लिटर, म्हणजे जनावरांसह सगळ्या घराचे पाणी मऊ करायचे तर दाणे धुण्यास व्यवहारात रोज सुमारे एक किलो मीठ लागते. वर्षाला ते ३६५ किलो होते, म्हणजे पन्नास किलोची सात पोती. ते सगळे परसातून शेताकडेच जाणार. तेच रोजचे फक्त १५० लिटर तापवायचे पाणी मऊ केले तर वर्षाला सुमारे ५५ किलोत भागते. एकीकडे सात पोती आणि दुसरीकडे एक, फरक उघड आहे. हे थोडे सांडपाणीही पिकात, परसबागेत वा विहिरीच्या काठी न सोडता गटारीच्या वाटेने लावावे. आर. ओ. च्या टाकाऊ पाण्यातही क्षार जास्त असतात. ते फरशी-संडास धुण्यास वापरावे, कुंड्यांना घालू नये.

उलट, साधे जड पाणी पिकाला दिले म्हणून बिघडत नाही. त्यातले कॅल्शियम जमिनीच्या कामाचेच आहे. ठिबक असेल तर ड्रिपरची काळजी घ्यावी, एवढेच.

घरी काय करावे?

पहिले काम तपासणीचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये माती व पाणी तपासून मिळते. अहवालात एकूण जडपणा, क्षारता, सोडियम आणि क्लोराइड हे आकडे मागून घ्यावेत. ते हाती आल्याशिवाय कोणत्याही यंत्राची बयाणा रक्कम देऊ नये.

दुसरे, हलके पाणी आधीच घरात येते का ते पाहावे. नळाचे पाणी दोन तास का होईना येत असेल तर गीझर व सौर बंबासाठी एक वेगळी टाकी करून ते त्यात भरावे आणि बोअरचे पाणी धुण्याभांड्याला, गोठ्याला ठेवावे. पावसाळ्यात छपराचे पाणी स्वच्छ टाकीत धरले तर ते आंघोळीला फार उत्तम. याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

तिसरे, गीझरचा काटा शेवटच्या टोकाला ठेवू नये. साठ अंशांच्या आसपास पुरे. विनाकारण ७५-८० अंशांवर पाणी तापवले की खारही जास्त आणि वीजही जास्त.

चौथे, सौर बंब घेताना पाण्याचा अहवाल दाखवूनच प्रकार ठरवावा. पाणी जड असेल तर रुंद काचनळ्यांचा बंब घ्यावा, किंवा ज्यात घरचे पाणी पेटीच्या नळ्यांत न जाता टाकीतच बाहेरून तापते असा प्रकार निवडावा. साधी सपाट पेटी घेऊ नये. उन्हाळ्यात टाकीतले पाणी रोज वापरावे. न वापरता राहिले तर ते फार तापते आणि खार भराभर धरतो.

पाचवे, एवढे करूनही अडचण राहिली तरच सॉफ्टनर घ्यावा, आणि तो फक्त तापवायच्या लाईनवर. पाणी मऊ झाल्यावर टाकीच्या आतला मॅग्नेशियमचा गज लवकर झिजू शकतो, म्हणून तो वर्षातून एकदा पाहून घ्यावा. नळाला चुंबक बांधून जडपणा जातो असेही सांगतात, पण त्याला खात्रीलायक पुरावा नाही.

साफसफाई आणि सावधगिरी

किटलीसाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, विरघळवून घालावे. अर्धा-एक तास ठेवावे. बुडबुडे थांबले की ओतून दोन-तीनदा धुवावे आणि पहिले उकळलेले पाणी फेकून द्यावे. पांढरा व्हिनेगरही चालतो. तांब्याच्या बंबाला आपली जुनी चिंच चांगली, मात्र आंबट पाणी आत फार वेळ ठेवू नये, नाहीतर तांबे सुटते. सुरी-खिळ्याने खार खरवडू नये, कॉईलचे कवच फाटते.

गीझर जाणत्या मिस्त्रीकडून वर्षातून एकदा उघडून घ्यावा. पाणी फार जड असेल तर वर्षातून दोनदा. संडास धुण्याचे जहाल ॲसिड गीझरमध्ये कदापि घालू नये. ते धातू खाते, आणि ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत, त्या लक्षपूर्वक वाचाव्यात. एक, गीझरला दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यात खार धरून तो अडकला आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट बिघडला तर आत वाफ कोंडून टाकी फुटू शकते. साफसफाईच्या वेळी हा व्हॉल्व्ह मोकळा आहे ना हे मिस्त्रीला आपल्यासमोर दाखवायला सांगावे आणि गळतो म्हणून त्याला बूच मारू नये. दोन, घराला अर्थिंग नीट असावे आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवलेला असावा. खाराने तडकलेल्या कॉईलमधून वीज पाण्यात उतरते तेव्हा माणसाला वाचवणारी वस्तू हीच. आंघोळीला बसण्यापूर्वी गीझर बंद करण्याची सवय मुलाबाळांसह सर्वांना लावावी. बादलीत रॉड टाकून पाणी तापवणाऱ्यांनी तर बटण बंद करून, पिन काढून मगच पाण्याला हात लावावा.

सारांश

पाणी तपासावे. हलके पाणी तापवायला, जड पाणी वापरायला अशी वाटणी करावी. सॉफ्टनर लागलाच तर गरम लाईनपुरता. पोटात आणि चहाच्या किटलीत नळाचे किंवा आर. ओ. चे पाणी. मिठाचे सांडपाणी उसापासून दूर. आणि वर्षातून एकदा साफसफाई, सेफ्टी व्हॉल्व्हची पाहणी व अर्थिंगची खात्री.

यंदा हंगामाच्या धामधुमीपूर्वी, दिवाळीच्या साफसफाईतच गीझर आणि सौर बंब उघडून पाहण्याचे सभासदांनी मनावर घ्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. थंडी सुरू झाली की मिस्त्री सापडत नाही आणि घाईत घेतलेले यंत्र बहुधा गरजेपेक्षा मोठेच असते.